थोरल्या पातीच्या राजाच्या छातीवरची सावली

सोन्यावर काळं लावणारी सून, अशी माझी देवासात ओळख आहे. स्वयंपाकावरून कुणी ओळखत नाही, त्यालाही कारणं आहेत. ती आमच्या घरातल्यांना विचारावीत.

माझं माहेर धारचं. वडील मातीची चित्रं करायचे. चित्रं म्हणजे बोटाएवढे शिपाई, हत्ती, घोडेस्वार, पालख्या. चैत्रात गौर बसली की तिच्यापुढे पायऱ्या रचून घरोघर आरास मांडतात. धारेतल्या निम्म्या आराशींत आमच्या घरची चित्रं असायची. मी नऊ वर्षांची असताना एक दिवाण रंगवला. पागोट्यापासून जोड्यापर्यंत सोनेरी. मोठ्या तोऱ्यात वडिलांना नेऊन दाखवला. त्यांनी आईच्या हातातली पाटली काढून घेतली आणि खिडकीत धरली.

"यात पिवळं किती दिसतंय?"

"सगळंच."

"नीट बघ."

नीट बघितलं. निम्मी पाटली तपकिरी होती, खालची कड जवळजवळ काळी आणि वरच्या अंगाला मोहरीएवढा एकच पांढरा ठिपका.

"मग तू सगळं पिवळं का केलंस? हा दिवाण आहे की हळद लागलेला नवरदेव?"

तेव्हापासून मी बिघडले ती बिघडलेच. आधी डिंकात कालवलेली सोनेरी भुकटी लावायची. ती वाळली की कावेत, म्हणजे गेरूत, चिमूटभर काजळ घालून पाण्यासारखं पातळ करायचं आणि झग्याच्या चुण्यांत, पट्ट्याखाली, काखेत सोडायचं. ते आपलं आपण खोलात जाऊन बसतं. मग उंचवट्यावर पुन्हा सोनं. शेवटी सोन्यात थोडी रुपेरी भुकटी मिसळून खारीच्या केसांच्या कुंचल्यानं खांद्यावर, गुडघ्यावर, तुऱ्याच्या टोकावर एकेक ठिपका. उजेड मात्र एकाच बाजूचा धरायचा. डावीकडचा म्हटला की डावीकडचा.

लग्न होऊन देवासला आले. इथे एका गावात दोन राजे. थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याची ही बाजू एकाची, ती बाजू दुसऱ्याची. आमचे हे थोरल्या पातीच्या फरासखान्यात, म्हणजे तंबू-गालिच्यांच्या खात्यात होते, आणि घरात राज्य थोरल्या जाऊबाईंचं. धाकटी पाती म्हणजे मी.

पहिल्याच चैत्रात मी दसऱ्याच्या स्वारीची आरास करायला घेतली. देवासची स्वारी म्हणजे हत्ती दोन हवेत, राजे दोन हवेत आणि उंचीत गव्हाएवढाही फरक नको. मी हत्ती समोरासमोर उभे केले, मध्ये गौर. मान म्हणून थोरल्या पातीचा राजा बघणाऱ्याच्या डावीकडे, गौरीच्या उजव्या हाताला. उजेड डावीकडून धरलेला. आता जो डावीकडे बसून उजवीकडे तोंड करतो, त्याच्या पाठीवर उजेड येणार आणि छातीवर सावली. समोरच्याची छाती झळझळीत. हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी चुण्या मोजत होते.

जाऊबाईंच्या ध्यानात आलं.

"अगं, मीठ कुणाचं खातो आपण? आपल्याच राजाच्या छातीला काजळ, आणि पलीकडचा लखलखीत? उद्या हळदीकुंकवाला राजवाड्यातून खासगीतल्या बाई यायच्या आहेत."

ती सावली आहे, असं मी म्हटलं. सोन्याला कसली सावली, असं त्या म्हणाल्या. दोन्ही राजे सरसकट पिवळे कर, नाहीतर तुझी चित्रं आराशीत बसायची नाहीत, कोठीत बसतील. ह्यांनाही बोलावलं. ह्यांनी दोन्ही राजे पाहिले, दोघींची तोंडं पाहिली आणि फरासखान्यात काम आहे म्हणून निघून गेले. मी जाऊबाईंना एवढंच सांगितलं, "मांडाल तर अशीच मांडा. पिवळी मी करणार नाही." सुनेनं असं बोलायचं नसतं हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हरभरे निवडत होते. जाऊबाई देवाची पितळ घासायला बसल्या आणि त्या भरात माझा राजाही त्यांनी हाती घेतला. चिंच लावून घासला. वाईट हेतू नव्हता बरं. मळ निघेल आणि भांडणही मिटेल, असं त्यांना वाटलं. मी पाहिलं तेव्हा राजाला नाक उरलं नव्हतं आणि छातीवर नुसती माती. जाऊबाई चिंचेचा हात तसाच धरून म्हणाल्या, "इतका कच्चा असेल असं वाटलं नाही गं."

मी रडले नाही. खरं तर रडले, पण कुंचला धुता धुता. दुपारी ओलसर मातीचं नाक बसवलं, उन्हात वाळवलं, खडूचा हात दिला, सोनं दिलं. मग काव घेतली. काजळ मुद्दाम एक चिमूट जास्त घातलं.

आरास मांडायच्या वेळी चित्रं पायरीवर बसली. घासल्याची लाज वाटली म्हणून असेल, जाऊबाईंनी अडवलं नाही. पण त्यांनीही हार मानली नव्हती. आपल्या राजाच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून समई नेऊन उजवीकडे ठेवली. मला हळदीकुंकवाच्या गर्दीत हलता येईना. काव लावलेली छाती उजेडात आली, ठिपके दिलेले खांदे अंधारात गेले, सगळी स्वारी मातकट.

खासगीतल्या बाई वाकून पाहत म्हणाल्या, "हत्ती पावसातून आलेत का गं?"

उत्तर मी दिवसभर घोकून ठेवलं होतं. पाटली, खिडकी, वडील, सगळं. तोंड उघडणार तोच जाऊबाईंनी समई उचलली, दोन्ही हत्तींच्या पुढून नेली आणि डावीकडे टेकवली. चुण्या खोल गेल्या, कडा वर आल्या, तुऱ्याचं टोक चमकलं.

बाई आणखी खाली वाकल्या. "यातला आपला कोणता?"

मी डावीकडचा दाखवला.

"याच्या अंगावर जरीचा किनखाब आहे," त्या म्हणाल्या. "तो पलीकडचा नुसताच पिवळा." आणि आंब्याची डाळ घ्यायला वळल्या. माझं उत्तर घोकलेलं तसंच राहिलं; ते मी पुढे कित्येक वर्षं मुलांना ऐकवून त्यांचा जीव घेतला.

जाऊबाईंनी ते सोनं शेवटपर्यंत मान्य केलं नाही. पन्हं देता देता दरवर्षी आल्यागेल्याला सांगायच्या, "हिनं काळं केलंय, मी नाही." मी दरवर्षी तसंच करायचे. आणि समई लावायची वेळ झाली की त्या मला न विचारता ती डावीकडे ठेवायच्या.