जर्मनीतलं सारवण

परदेशातल्या एका वसतिगृहात शेण गळलं, त्याला मी जबाबदार आहे.

माझी नात पल्लवी पर्यावरण शिकायला जर्मनीत गेली आहे. तिच्या वसतिगृहात निसर्गाला सांभाळून राहणाऱ्यांनाच खोली मिळते. ती रविवारी जंगलात फिरते, सायकलनं कॉलेजात जाते, गॅलरीतल्या कुंडीत कोथिंबीर लावते आणि सगळ्याचे फोटो मला पाठवते. इकडे बालाघाटात भरवेलीच्या मँगनीज खाणीतली माणसं जन्मभर सायकलनं कामावर गेली, त्यांचा फोटो कोणी काढला नाही. पण नात आपली आहे, म्हणून मी "छान" म्हणते.

एका दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला.

"आजी, इथं प्रत्येकाले आपल्या गावची एक पद्धत करून दाखवाची हाय. मी पत्रावळ लावू का?"

"पत्रावळ कोणीबी लावते. गॅलरी सारव."

"शेणानं?"

"नाही, श्रीखंडानं."

(मी चौथी पास. शिकलेल्या माणसाला सल्ला द्यायची पाळी माझ्यावर वारंवार येत नाही, म्हणून मी ती सोडली नाही.)

दोन दिवसांनी पोरीनं कुठल्याशा शेतावरून सायकलला बादली अडकवून शेण आणलं आणि मला फोन लावला. मी पाहिलं तर बादलीत वरण.

"हे काय वो?"

"आजी, इथल्या गायी ओलं गवत खातात. असंच पातळ पडते."

"मग माती मिसळ."

"माती फक्त कोथिंबिरीच्या कुंडीत हाय."

"तेच टाक."

टाकली. कोथिंबिरीसकट. पोरगी बसली सारवायला. हात बरा चालत होता, मी कौतुक केलं. अर्धी गॅलरी झाली तशी ती थांबली.

"आजी, शेण कमी होऊन राह्यलं."

"वाळत असंल."

"वाळत नाही. खाली जाऊन राह्यलं."

ती गॅलरी लाकडी फळ्यांची होती आणि दोन फळ्यांत बोटभर फट होती. मी विचारलं नव्हतं. जमीन म्हणजे जमीन, तिला फटी असतात हे मला काय माहीत? खालच्या गॅलरीत वॉर्डनबाई नाश्ता करत होत्या. खालून आवाज आला. मला जर्मन येत नाही, पण एकही शब्द समजायचा राहिला नाही.

बाई वर आल्या. डोक्यावर कोथिंबीर होती. त्यांनी पल्लवीला सांगितलं, आजच्या आज खोली रिकामी कर. पल्लवी रडकुंडीला आली. म्हणाली, आमच्याकडे घराघरात असंच सारवतात, माझी आजी स्वतःच्या हातानं सारवते. बाईंनी फोनमध्ये माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी म्हणाल्या.

"आजी, त्यायले तुह्या घरची जमीन पाहाची हाय. लवकर दाखव, नाही तर माही खोली जाते."

मी खाली पाहिलं. पायाखाली पांढऱ्याशुभ्र टाइल्स. सात वर्षांपूर्वी पोराशी भांडून मीच बसवून घेतल्या, जन्मभर शेणात हात घातला, आता पुरे म्हणून. घाबरून पल्लवी टाइल्स विसरली होती, पण आठवण करून द्यायची ही वेळ नव्हती. मी फोनचं तोंड पंख्याकडे केलं आणि दुखऱ्या गुडघ्यानं तशीच लंगडत शेजारच्या कौशल्याच्या अंगणात गेले. सारवण ताजं होतं, बोटांच्या नक्षीसकट. दाखवलं. बाईंचा चेहरा जरा निवळला.

"आजी, त्या विचारतात, तू रोज सारवतेस का?"

"हौ, रोज. चहाच्या आधी."

तेवढ्यात गोठ्यातून कौशल्या बाहेर आली.

"काय करून राह्यली वो माय माह्या आंगनात? आत्ता सारवलं मी, अन् तू चपला घालून उभी! घरी टाइल्स हाय तं दुसऱ्याच्या शेणात काहून येतं?"

वॉर्डनबाईंनी पल्लवीला विचारलं, ही बाई काय म्हणते? पोरीला खोटं बोलता येत नाही (आईकडून आलं, आमच्याकडून नाही). तिनं टाइल्ससकट सगळं सांगितलं.

 मग वॉर्डनबाई अशा हसायला लागल्या की डोक्यावरची कोथिंबीर खाली पडली. निकाल असा लागला: खोली राहील, पण पल्लवीनं दोन्ही गॅलऱ्या घासून द्यायच्या. आणि आजीनं खरोखर आपल्या हातानं सारवून फोटो पाठवायचा, तो वसतिगृहाच्या भिंतीवर लागणार.

दुसऱ्या दिवशी कौशल्याकडूनच शेण मागून मी घरामागच्या मातीत सारवायला बसले. बसले झकास. चार हात मारले आणि कंबर जी धरली, ती दोघांनी काखेत हात घालून मला उचललं तेव्हा सुटली.

फोटो आता जर्मनीत भिंतीवर आहे. एवढ्या वयात आजीचा हात कसा सफाईनं चालतो, म्हणून सगळे कौतुक करतात, असं पल्लवी सांगते. फोटोतला हात कौशल्याचा आहे. बांगड्या तेवढ्या माझ्या.