समासासकट बायोडाटा

आमच्या घरात बायोडाटा तयार झाला तो लेकीचा नाही, सासऱ्यांचा. हे कळल्यावर माझ्या धाकट्या बहिणीने पुण्याहून फोन करून आधी पोटभर हसून घेतलं आणि मग शहाण्यासारखं म्हणाली, "बरं केलंत गं." मला तिचं हसणंही आवडलं नाही आणि शहाणपणही. माणसाला बोलायला माणूस लागतं, इतकी साधी गोष्ट. त्यात बरं कसलं करायचं?

सासूबाई गेल्यावर आम्ही बाबांना शारजाला आणलं. घर अल मजाजला, बाल्कनीतून लगूनचं पाणी दिसतं. सकाळी नवरा आणि मी दुबईच्या ट्रॅफिकमध्ये, लेक शाळेच्या बसमध्ये, आणि बाबा त्या बाल्कनीत. दिवसभर साठवलेलं बोलणं ते संध्याकाळी बाहेर काढत. खालच्या ग्रोसरीतल्या मल्याळी भाईंनी आज कोणता नारळ दिला, पाण्यावर कुठला पक्षी आला, साखर कारखान्यात नोकरीला असताना कोण कुणाला काय म्हणालं. मी कांदा चिरता चिरता ऐकायचे, लेक "ओके आजोबा" म्हणायची आणि नवरा मोबाईलमधून मान वर न करता "हो हो" म्हणायचा.

एकदा मेथी निवडताना बाबा खाली बघूनच म्हणाले, "मला कुणी सोबतीण मिळाली, तर तुम्हाला चालेल का गं?"

"मला चालेल की! तुमच्या मुलाला विचारा."

मुलाला विचारलं. मुलगा म्हणाला, "बघू."

आता हे "बघू" काय प्रकरण आहे ते मला इतक्या वर्षांच्या संसारात कळलेलं नाही. नकार असला की हा बघू म्हणतो, होकार असला तरी बघू, आणि फ्रीज घ्यायचा असला तरी बघूच. बाबांनाही उमगलं नाही. ते म्हणाले, "त्याच्या मनाविरुद्ध मला काही करायचं नाही. त्याचा हो येऊ दे. तोपर्यंत तयारी करून ठेवायला काय जातंय?"

म्हणून तयारी. साताऱ्याला एक ताई ज्येष्ठांच्या पुनर्विवाहासाठी व्हॉट्सॲप ग्रुप चालवतात; त्यात बाबा आणि मी दाखल झालो. मी लॅपटॉपवर बायोडाटा टाइप केला आणि फाइल घरातल्या सगळ्यांना उघडता येईल अशी ठेवली. लगेच समासात शेरे सुरू झाले. "आवड: स्वयंपाक" याच्या शेजारी लेकीने लिहिलं, "फेक न्यूज." मी त्याखाली लिहिलं, "चहा येतो, तोही गोड." नवऱ्याने एक अक्षर लिहिलं नाही.

ताईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "फाइल नको हं. आमच्या मंडळींच्या फोनवर ती उघडत नाही. फोटो पाठवा, बोटांनी मोठा करून वाचता येतो."

एवढं साधं काम, पण माझ्या नाकी नऊ आले. आधी मी स्क्रीनशॉट घेतला. कॉम्प्युटरला मराठी येत नसल्यामुळे प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ. जन्मतारखेपासून कुलदैवतापर्यंत बाबांचं सगळं आयुष्य चुकलेलं दिसत होतं. मग मोबाईलने लॅपटॉपचाच फोटो काढला. त्यात पडद्यावर पट्टे आले आणि मधोमध माझ्या मॅक्सीचं प्रतिबिंब. एका वेबसाइटने छान चित्र करून दिलं आणि डाउनलोड करताना महिन्याचे चाळीस दिरहॅम मागितले. बाबांनी तिथल्या तिथे त्याचे रुपये केले आणि म्हणाले, "एवढ्यात आमच्याकडे पत्रिका छापून आहेराची पाकिटंही येतील." दुसरी वेबसाइट फुकट होती, पण तिने आपलं नाव बाबांच्या फोटोवर कपाळापासून हनुवटीपर्यंत तिरपं छापलं. मी हात टेकले.

शेवटी लेक उठली. तिने कुठलीशी साइट उघडली, फाइलची शेरे काढलेली प्रत त्यात टाकली, एक बटण दाबलं. स्वच्छ चित्र, पैसे नाहीत, शिक्का नाही. "आजोबा, ड्रॅग, ड्रॉप, डाउनलोड. खलास."

"फुकट?"

"टोटली."

"फुकट ते पौष्टिक," बाबा म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

त्यानंतर त्यांनी आपल्या टॅबवर घरातली एक फाइल सोडली नाही. विजेच्या बिलाचं चित्र झालं, लेकीच्या वेळापत्रकाचं झालं, माझ्या ऑफिसच्या सुट्ट्यांच्या यादीचंही झालं. मी मीटिंगमध्ये असताना फोन थरथरायचा आणि त्यावर शिऱ्याची कृती चित्ररूपाने आलेली असायची. आमचे इजिप्शियन साहेब एकदा डोकावून म्हणाले, "हबीबी, सब ठीक?" मी म्हटलं, "सब ठीक. फादर-इन-लॉ कन्व्हर्टिंग." मला या सगळ्याची मनापासून मजा वाटत होती. बाबा नवं काही शिकून इतके खूश झालेले मी सासूबाईंनंतर पाहिले नव्हते. बायोडाटाचंही ते मधूनमधून नवं चित्र काढून बघायचे, पण पाठवायचे मात्र नाहीत. "हो आला नाही अजून," म्हणायचे.

आणि एका दुपारी ऑफिसमध्ये मी ग्रुप उघडला, तर त्यात आमचा बायोडाटा! मोठा करून पाहिला. त्या साइटने पानाबरोबर समासही छापला होता. "फेक न्यूज" होतं, माझा गोड चहा होता, सगळं साताऱ्यापर्यंत पोचलं होतं. खाली "अपेक्षा: प्रेमळ, घरकामाची आवड असलेली" याच्या शेजारी आणखी एक शेरा होता. तो मी कधी पाहिलेला नव्हता. त्यावर माझ्या नवऱ्याचं नाव होतं.

"घरकामाचं काढून टाका. बाबांना ऐकणारं कुणीतरी हवं. आई ऐकायची. आम्ही नुसतं हो हो म्हणतो."

मी तो वाचला आणि बाथरूममध्ये जाऊन डोळे पुसून आले. मग बाबांना फोन लावला, तर त्यांचा फोन सतत बिझी. तेवढ्यात साताऱ्याच्या ताईंचाच फोन आला. हसून हसून त्यांना ठसका लागला होता. "अहो, बाजूचं सगळं आलंय की! दुसरा पाठवा म्हणणार होते, पण आमच्या एक निवृत्त नर्सबाई आहेत, त्या म्हणतात हाच राहू द्या. आजवर सगळ्यांच्या आवडी वाचल्या, त्या खोट्या आहेत हे सांगणारं घर पहिल्यांदाच पाहिलं. नंबर दिलाय मी. बोलताहेत बहुतेक."

संध्याकाळी नवरा आणि मी एकत्रच घरी पोचलो. गाडीत मी त्याला चित्र दाखवलं होतं. बाबा बाल्कनीत बसले होते, घसा बसलेला, चेहरा ताजा. लेक म्हणाली, "ही टॉक्ड द होल आफ्टरनून. शी इज फनी, आय थिंक."

मी म्हटलं, "बाबा, चुकून गेलं ना हो ते समासासकट? टॅबवर ते शेरे दिसत नाहीत, माझ्या लक्षातच आलं नाही. मी ताईंना सांगते, दुसरं चांगलं पाठवू."

"चुकून कसं जाईल?" बाबा म्हणाले. "रोज त्या शेरे काढलेल्या प्रतीचं चित्र काढायचो, आज मूळ फाइलचं काढून बघितलं, तर बाजूला सगळ्यांचं लिहिलेलं. चष्मा लावून नीट वाचलं आणि मगच पाठवलं."

नवरा बुटाची नाडी सोडत वाकला होता. तो तसाच राहिला.

"हा हो हो म्हणायचा, तेव्हा मला वाटायचं, याचं लक्ष नाही," बाबा त्याच्याकडे बघत मला म्हणाले. "सगळं ऐकत होता की गं."