दोन मुठी जोंधळा

तिला मातीत ठेवून पाच महिने झाले. लिहायला बसतो, चार ओळी होतात आणि शाई टाकावर वाळून जाते. घाई कसलीच नाही. जे लिहायचे आहे ते थोडेच आहे, आणि त्यातला बराच भाग माझ्या चुकीचा आहे.

महायुद्ध संपले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमचे लग्न झाले. मी सोलापुरात मिशनच्या शाळेत शिक्षक होतो. ती वैरागच्या बाजूच्या एका खेड्यातली. त्या गावात ख्रिस्ती घरे सात, आणि देऊळ म्हणजे कुडाच्या भिंतींची एक खोली. आम्ही आमच्या प्रार्थनेच्या जागेलाही देऊळच म्हणतो. तिला अक्षर येत नव्हते, पण गीते शंभरावर पाठ होती. एखाद्या गीताचे दुसरे कडवे मला आठवेनासे झाले, की ती चुलीपाशी बसल्या बसल्या ते म्हणून टाकी आणि पुन्हा भाकरी थापू लागे.

पहिले काही महिने मी तिचे बोलणे सुधारण्याच्या मागे होतो. ती माझ्या तोंडाकडे नीट पाहून ‘नाही’ म्हणे, आणि विळीवर जाऊन बसली की पुन्हा ‘न्हाय’. शेवटी मी तो नाद सोडला. आज घरात सगळे शुद्ध आहे. बोलायला मी एकटाच आहे.

आमचे घर विणकरांच्या गल्लीच्या कडेला होते. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा, आणि तो थांबला की शेजारचे माग सुरू होत. ते शेजारी घरात तेलुगू बोलत आणि आमच्याशी मराठी. त्यांच्या धोट्याची खटखट आणि आमच्या जात्याची घरघर एकाच वेळी चाले. मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसलेला असे. शाळेला जाण्यापूर्वीचे दोन तास माझे वाचनाचे. त्या वेळी मला कोणी हाक मारायची नाही, असा माझा नियम होता, आणि तिने तो शेवटपर्यंत पाळला.

तिच्या गावाकडून आलेली एक रीत तिने शहरातही सोडली नाही. दळायला जोंधळा काढला, की पहिली मूठ देवाची. ती वेगळ्या गाडग्यात जायची. रविवारी तो साठलेला जोंधळा पिशवीत भरून ती देवळात नेई आणि पुढच्या टोपलीत ओती. खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत सगळ्याच बायका असे करत. त्या धान्यावर गावचा प्रचारक आणि एखादी निराधार म्हातारी जगे. सोलापूरच्या मंडळीत मात्र बहुतेक लोक पगारदार. त्यांच्या पैशांत तिचा जोंधळा सांडल्यासारखा दिसे. एकदा उपासना सुटल्यावर पायरीवर कोणीतरी म्हणाली, “मास्तरीणबाईंनी देवाला दळण आणलंय.” बायका हसल्या. हिने पिशवी झटकून घडी घातली आणि म्हणाली, “पैशाची भाकरी थापता आली की मी बी पैसा आणीन.” मग हसणाऱ्यांत तीही हसली. मी पुरुषांच्या घोळक्यात उभा होतो. मला लाजही वाटली आणि कौतुकही.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मुलगी झाली. तिच्याविषयी मी फार लिहिणार नाही. लिहू लागलो तर हे पान इथेच संपेल. ती पाच वर्षांची होती. हाक मारली तर उलट्या दिशेला पळायची आणि सापडल्यावर आपणच आपल्याला पकडल्यासारखी टाळी वाजवायची. नेहमी काहीतरी हातात घट्ट धरून असे आणि विचारले तर दाखवत नसे.

त्या पावसाळ्यात तिला मुदतीचा ताप आला. मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई रोज येत. एकवीस दिवस काढायचे, असे त्यांनी सांगितले होते. मी शाळेतून रजा घेतली. त्यामुळे एरवी ज्या वेळी मी ओसरीवर असे, त्या वेळी मी आतल्या खोलीत मुलीच्या उशाशी होतो, आणि तिथून जाते दिसत होते.

बाराव्या की तेराव्या दिवशी सकाळी मी पाहिले, की बायकोने गाडग्यात एक मूठ टाकली, मग पुन्हा हात सुपात घातला आणि दुसरी टाकली. दुसरी मूठ तिने अगदी सावकाश सोडली. दुसऱ्या दिवशीही तेच.

मला जे वाटले ते कोणत्याही ख्रिस्ती शिक्षकाला वाटले असते. आमच्यात नवस बोलत नाहीत. देवाशी देवघेव करायची नाही, त्याने द्यावे म्हणून आपण काही कबूल करायचे नाही, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेले. नवस म्हणजे आजा-पणजाने मागे टाकलेली वाट. आणि संकट आले, की खेड्यातली माणसे हळूच त्या वाटेला लागतात, असे आमच्या देवळातले पाळकसाहेब नेहमी सांगत. मी तिला तिथेच, जात्यापाशी, हळू आवाजात बोललो. नवस केलास ना, म्हणालो. आपल्यात हे चालत नाही, ठाऊक आहे ना. तिने माझ्याकडे पाहिले. काही बोलेल असे वाटले, पण आत मुलगी कण्हली आणि ती उठून गेली.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी मुलगी गेली.

दफनाच्या वेळी मंडळीने गीत म्हटले. माझे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मला वाटले, घसा बसला आहे. पण दुसऱ्या दिवशीही प्रार्थनेला बसलो तर आतून काहीच आले नाही. जसे एखाद्या घरावर थाप मारावी आणि थापेच्या आवाजावरूनच कळावे, की आत कोणी राहत नाही.

यानंतरचे तीन महिने मी जसा वागलो, ते लिहिण्यासाठीच खरे तर ही पाने आहेत. देव नाही, असे मी कोणाला सांगितले नाही. मिशनच्या शाळेतल्या शिक्षकाला ते सांगता येत नव्हते, हे एक कारण. दुसरे असे, की सांगायला लागणारी हिंमतही माझ्यात नव्हती. देवळात पवित्र शास्त्र वाचून दाखवण्याचे काम रविवारी माझ्याकडे असे. ते मी करत राहिलो, उच्चार स्वच्छ, आवाज ठीक. संध्याकाळची घरची भक्तीही चालू ठेवली. फक्त लहान लहान अध्याय काढू लागलो. आणि वाचनालयातून मोठमोठी पुस्तके आणली, ज्यांत पृथ्वीचे वय आणि डोंगरांचे थर होते. माझी शंका त्या पुस्तकांतून आली नव्हती. ती आतल्या खोलीतल्या खाटेवरून आली होती. पण पुस्तकांपाशी बसले की तिला प्रतिष्ठा येत असे.

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होते, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून. भाकरीची थाळी बाकांवरून हातोहात फिरते. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. ज्याच्या मनात काही खोट आहे त्याने आधी ती निस्तरावी आणि मग थाळीला हात लावावा, अशी शिकवण. मुलगी गेल्यानंतरचा तो पहिला रविवार आला, तेव्हा आदल्या दिवशी मी बायकोला म्हणालो, की तू नवस केला होतास. त्याचा पश्चात्ताप केल्याशिवाय तू उद्या घेऊ नयेस.

मी असे का म्हणालो, हे मी वर्षानुवर्षे स्वतःला विचारले आहे. मला कोणावर तरी रागवायचे होते. देवावर रागवायला तो असायला हवा होता. ती होती.

तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी ती अगदी मागच्या बाकावर, तान्ह्या मुलांना घेऊन बसणाऱ्या बायकांजवळ, बसली आणि थाळी आली तेव्हा ती पुढे सरकवली. मी माझ्या जागेवर बसून भाकरीचा तुकडा घेतला. त्याच्या पुढच्या महिन्यातही तसेच झाले, आणि तिसऱ्याही. ज्याचा विश्वास संपला होता तो घेत होता आणि ती मागे बसत होती. मला हे दिसत होते. तरी मी काही केले नाही.

मग दिवाळीची सुट्टी लागली. हवेत थोडी थंडी आली होती, शेजारी मागाला सुट्टी होती, त्यामुळे सकाळी गल्ली फार शांत असे. मी पाणी प्यायला आत गेलो तर ती दळायला बसत होती. गाडग्यात एक मूठ पडली. मग दुसरी.

मला संताप आला. मी विचारले, ही दुसरी मूठ आता कशाला? मुलगी राहिली नाही. नवस कुणासाठी फेडतेस?

“कसला नवस?” ती म्हणाली.

तू केलेला, मी म्हणालो. ताप असताना.

तिने सूप मांडीवरून खाली ठेवले. “ती तिची मूठ हाय,” ती म्हणाली. “रोज सकाळी माझ्यासंगं टाकायची. मी टाकली की तिला टाकायची आसायची. मुठीत मावायचं न्हाय, निम्मं भुईवर सांडायची आन् मग एकेक दाणा येचत बसायची. आजारी पडली तवा म्हणाली, माझी तू टाक. म्हणून टाकत हुते.”

मला हे ठाऊक नव्हते, मी म्हणालो.

“तुमी पुस्तकात आसायचा.”

तिच्या आवाजात टोचणी नव्हती. मी खाली बसलो. विचारले, मग त्या दिवशी तू सांगितले का नाहीस, की हा नवस नाही.

“तुमी शिकलेले. तुमी नवस म्हणालात. मला वाटलं, आसंल ह्यालाच नवस म्हणत.”

आणि तीन महिने मागे बसलीस, मी म्हणालो.

“बसले. थाळी म्होरं दिताना लई वाईट वाटायचं. पण मनात एक हुतं, ते बी खोट म्हणूनच धरलं मी.” तिने जात्याच्या खुंट्याला हात लावला. “मी त्याच्याशी भांडते. रोज. का नेलीस म्हणून इचारते. जातं फिरतंय तवर भांडते.”

मी तिला विचारले, तो काही सांगतो का.

“न्हाय.”

मग?

“मग पीठ झालं की उठते. भाकरी करायच्या आसतात.” आणि सूप पुन्हा मांडीवर घेत, “न्हाय बोलला तरी भांडायला तोच लागतो की. दुसऱ्या कुणाशी भांडू?”

मी इतकी वर्षे समजत होतो, की तिची श्रद्धा अडाणी माणसाची, म्हणून सोपी आहे. शंका ही माझ्यासारख्या वाचणाऱ्याच्या वाट्याला येते. एकाच घरात, पंधरा पावलांच्या अंतरावर, ती तीच शंका रोज पहाटे दळत होती आणि मला तिचा आवाजही आला नव्हता. फरक एवढाच, की मी घर रिकामे आहे असे समजून थाप मारणे बंद केले होते.

पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी मी पाळकसाहेबांकडे गेलो. ते म्हातारे, मिश्कील गृहस्थ होते. अंगणात निंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. सलाम करून मी उभ्याउभ्याच सगळे सांगितले: बायकोवर घेतलेला खोटा आळ, तीन महिन्यांचा माझा ढोंगीपणा. उद्यापासून वाचन दुसऱ्या कोणाकडे द्या, आणि शाळेत कळवायचे असेल तर कळवा, असेही म्हणालो.

“बाईंची माफी मागितलीत का?” त्यांनी विचारले.

मी हो म्हणालो.

“मग उद्या वाचन तुम्हीच करा, मास्तर.”

माझा विश्वास नाही, मी पुन्हा सांगितले. त्यांना ऐकू आले नाही असे मला वाटले.

“ऐकलं मी. इतके दिवस तुम्ही फार गोड वाचत होता, झोप यायची लोकांना. उद्या विश्वास नसलेल्या माणसासारखं वाचा. पण मोठ्यानं वाचा, मागच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे.” शाळेचे नाव त्यांनी त्या दिवशी काढले नाही, आणि पुढेही कधी नाही.

त्या रविवारी त्यांनी काढून दिलेला भाग एका आजारी मुलाच्या बापाचा होता, ज्याला विश्वास पुरत नव्हता आणि जो तसे येशूच्या तोंडावर सांगून मोकळा होतो. वाचताना माझा आवाज दोनदा फाटला. उच्चारही स्वच्छ राहिले नाहीत. बायको तिसऱ्या बाकावर, आपल्या जुन्या जागी, बसली होती. थाळी तिच्याकडे आली, तिने तुकडा घेतला आणि डोळे मिटले. थाळी माझ्याकडे आली तेव्हा मी ती पुढे दिली.

घरी येताना आम्ही तळ्याच्या बाजूने आलो. वाटेत ती म्हणाली, “तुमी घेतलं न्हाय.”

नाही, मी म्हणालो.

“बरं केलं. म्होरल्या महिन्याला बघू.”

पुढच्या महिन्यातही मी घेतले नाही. ती प्रत्येक वेळी तेवढेच म्हणे आणि दुसऱ्या विषयाला लागे, भाजीच्या, नाहीतर पायातल्या वहाणेच्या. मी सकाळचे ओसरीवरचे वाचन सोडले नाही, पण जागा बदलली; आतल्या दारात बसू लागलो. कधी जात्याच्या दुसऱ्या बाजूने खुंटा धरी. ती हसे, म्हणे, तुमच्यानं पीठ भरड येतं. मुलीची मूठ टाकताना ती सूप माझ्याकडे करू लागली. सहाव्या की सातव्या महिन्यात थाळी आली आणि मी घेतले. काही उजेड पडला नव्हता. त्या सकाळी दळताना मी पहिल्यांदा भांडलो होतो, एवढेच.

त्यानंतर आम्हाला दहा वर्षे मिळाली. आता मागे पाहताना ती फार लवकर सरली असे वाटते, पण तेव्हा एकेक दिवस पुरा होता.

ती गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होते. शंका जशीच्या तशी परत आली आहे, तेवढ्याच आकाराची, आणि या वेळी तिला पुस्तकांचा आधार मी दिलेला नाही. बायकांच्या बाजूच्या तिसऱ्या बाकावर कोणी दुसरी बाई बसली होती. थाळी माझ्यापर्यंत आली तेव्हा मी मनातल्या मनात भांडत होतो, अगदी मोठ्याने. शेजारच्याला ऐकू गेले असेल असे वाटले. त्याने थाळी धरून ठेवली, मला वेळ दिला. भांडण संपले नव्हते. मी तुकडा घेतला आणि थाळी पुढे दिली.