भोंग्याचा कौल

आमच्या घरच्या गणपतीत मिलचा भोंगा वाजवायची जबाबदारी माझ्यावर होती. ती मला पार पाडता आली नाही. त्यानंतर आमच्या घरात कुठलीही जबाबदारी मला कुणी दिलेली नाही. अगदी पोह्यांवर खोबरं भुरभुरायचीसुद्धा!

खरी मिल आमच्या लालबागच्या चाळीच्या गॅलरीतून दिसायची. तिची चिमणीही दिसायची, पण धूर दिसून कैक वर्षं झाली होती. चिमणीच्या तोंडाशी पिंपळ उगवला होता. बाबा रोज सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभे राहायचे, चिमणीकडे बघायचे आणि म्हणायचे, "आज पण नाय." मग उरलेला चहा प्यायचे. त्या मिलमध्ये ते साचा चालवायचे, म्हणजे माग. हल्ली काय करता, असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं.

"काय करतंय म्हंजे? संपार आसंय!"

त्यांच्या बरोबरीचे कुणी भाजी विकायला बसले, कुणी गावी जाऊन शेतीला लागले, कुणी नुसतेच खचले. बाबा मात्र संपावर. संप मागे घेतला असं मला कुणी येऊन सांगितलेलं नाही, हा त्यांचा मुद्दा. (आणि हा मुद्दा खोडून काढायला आमच्या घरी कुणीही पुढारी आला नाही.) घर आईच्या जेवणाच्या डब्यांवर आणि माझ्या मोठ्या भावाच्या, दीपकच्या पगारावर चालायचं. मी बारावीला गटांगळी खाऊन घरी बसले होते, म्हणजे एका अर्थी मीही संपावरच होते, पण माझ्या संपाला घरात मान्यता नव्हती.

दीपक गिरगावात टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात होता. तिथे कुणीतरी एक व्हिडिओ गेम दुरुस्तीला टाकून गेला आणि परत फिरकलाच नाही. वर्षभर वाट बघून शेठने तो दीपकला देऊन टाकला. सोबत कॅसेट एकच. ती एका इंग्लिश पिक्चरवरून बनवलेली होती आणि तो पिक्चर दीपकने मॅटिनीला पाहिला होता. हीच सगळ्या घोळाची सुरुवात!

"काय स्टोरी आहे माहितेय?" दीपक जेवता जेवता म्हणाला. "एक फॅक्टरी असते. रोबो लोक ती ताब्यात घेतात. सगळ्या कामगारांना गेटबाहेर काढतात. चिमणी बंद! मग एक फिटर हातात पाना घेऊन एकटाच आत शिरतो, एकेका रोबोला फोडतो आणि शेवटी खटका ओढतो. भोंगा वाजतो, चिमणीतून धूर, गेट उघडतं, सगळे कामगार आत धावतात. दी एंड!"

बाबांचा घास हातातच राहिला.

"गेट उघडता?"

"उघडतं ना."

"सगळ्यांका घेतत? बदली कामगारांका पण?"

"बाबा, पिक्चर आहे तो."

"आणि मागचो पगार?"

"तो दाखवला नाही."

"तो कोणच दाखवणत नाय," बाबा म्हणाले आणि घास गिळला.

कॅसेटच्या चित्रावर तो फिटर दंड फुगवून उभा होता, मागे धूर सोडणारी चिमणी. टीव्हीवर मात्र अंगठ्याएवढा निळा ठिपका आला. त्यात पाना कुठला आणि पाय कुठला ते हलल्याशिवाय कळत नसे. रोबो म्हणजे चौकोनी खोके. पिक्चरमधली हिरॉईन तर खेळात आलीच नव्हती. बाबांचे मिलमधले दोस्त तुकाकाका पहिल्यांदा बघायला आले तेव्हा चष्मा लावून टीव्हीला नाक टेकवून म्हणाले, "ह्यो हिरो? अरे, ह्येका कोणीतरी आधी जेवूक घाला!"

दिवसा दीपक कामावर, आई डब्यांत, म्हणून खेळायची मी. कॅसेट आत घालण्याआधी तिच्या दातांवर हळूच फुंकर मारावी लागे, नाहीतर नुसत्या रेघा दिसत. जोरात फुंकलं तर थुंकी उडून बंद! या हळूच फुंकर मारण्यात मी तरबेज झाले. माझ्या आयुष्यात मला जमलेली ही पहिली गोष्ट.

आणि बाबा माझ्यामागे बसायला लागले. पहिल्या दिवशी गप्प. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "ह्या आपला सूतखाता दिसता." तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांनी सगळ्या स्टेजना नावं दिली होती. सूतखातं, साचेखातं, रंगखातं. शेवटच्या स्टेजला एक अवाढव्य रोबो छताला टेकून उभा असे. त्याला सगळे 'मॅनेजर' म्हणू लागले. सगळे म्हणजे कोण? तर तुकाकाका आणि त्यांनी गोळा केलेले मिलमधले यच्चयावत दोस्त! जुन्या सवयीने ही मंडळी पाळ्यांमध्ये यायची. पहिल्या पाळीचे सकाळी, दुसऱ्या पाळीचे जेवणानंतर. काहीजण घरून डबा आणायचे. उशिरा येणाऱ्याला तुकाकाका दारातच अडवायचे, "गेट बंद झाला. उद्या ये."

"बाय गो, एकट्यान आत शिरा नको! युनियन घेवन जा!"

"अरे, ती डाव्या अंगान येतत! डावेच आपल्याक बुडवतले!"

"त्या खोक्याक सोड, तो आपलो जॉबर वाटता, मुकादम!"

आई मोरीपाशी भांडी आपटत म्हणायची, "मिल बंद पडली, तर मिल घरात आणून ठेवलात! आता चाय पण मीच पुरवू काय कँटिनात?" (ती पुरवायची. नंतर नंतर तर विचारायचीसुद्धा, "मॅनेजराक गाठलंस काय गो?")

मॅनेजरला मी गाठायचे. मारू मात्र शकत नव्हते. प्रत्येक वेळी लाइफ संपायची आणि ठिपका पुन्हा गेटबाहेर.

याच सुमारास दीपकने बाबांसाठी शीवला एका नव्या बिल्डिंगमध्ये वॉचमनची नोकरी बघितली. गणपतीनंतर हजर व्हायचं. घरात पहिल्यांदा खरा आवाज चढला तो तेव्हा.

"बाबा, मिल नाही उघडणार. सगळ्या मुंबईला माहितेय, तुम्हाला सोडून."

"संपावरचो माणूस दुसरीकडे हजर होवक शकत नाय."

"आईचे हात बघा एकदा, भाजलेत सगळे!"

बाबांनी बघितले. मग म्हणाले, "कौल लावूया."

कौल म्हणजे देवाला विचारणं. आमच्या गावच्या देवळात गुरव देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली की होय, डावी पडली की नाही. पण त्या वर्षी गावी जाणं जमणार नव्हतं, म्हणून गणपती लालबागच्या खोलीतच आणायचा ठरला होता. तर कौलही इथेच. आणि पाकळ्यांच्या जागी कोण? मी!

"गणपतीसमोर शैला खेळतली," बाबा म्हणाले. "भोंगो वाजलो तर मिल उघडतली, मी थांबतलंय. नाय वाजलो तर शीवाक जातंय. देवाचो शब्द म्हंजे शब्द."

"बाबा, तो गेम आहे!"

"तुझ्या पिक्चरात वाजता ना भोंगो? मग झाला!"

दीपकने कपाळावर हात मारून घेतला. बाबा काही खुळे नव्हते. टीव्हीतल्या ठिपक्याने मिल उघडत नाही हे त्यांना कळत असणार. पण इतकी वर्षं त्यांना कुणी होय म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. त्यांना कुणाचातरी शब्द हवा होता. हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त घाम फुटला.

आरास बाबांनी स्वतः केली. मखरात गणपती, शेजारी टीव्ही, टीव्हीभोवती थर्माकोलचं मिलचं गेट आणि त्यावर हातभर चिमणी. चिमणीत कापूस घातला, धूर म्हणून. मग काढला. "वाजल्यावर घालूया," म्हणाले. भोईवाड्यापासून माटुंग्यापर्यंत जुन्या दोस्तांना आवतण गेलं: दर्शनाक येवा, भोंगो वाजतलो! चतुर्थीच्या सकाळी बाबांनी मिलमध्ये घालायचा खाकी शर्ट इस्त्री करून अंगात चढवला. त्याची बटणं आता लागत नव्हती, ती आईने सरकवून शिवली होती.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. गॅलरीत माणसं, जिन्यात माणसं. मोठ्या बायकांसारखी नऊवारी नाही, तरी सहावारी साडी नेसून मी पाटावर बसले, हातात गेमचा रिमोट. कॅसेटला फुंकर मारली. मशीनचा ॲडॅप्टर तापून बंद पडू नये म्हणून आई त्याला पेपरने वारा घालत होती आणि अधूनमधून तोच पेपर मोदकांवर फिरवत होती. तुकाकाकांनी हातात नारळ धरून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा गणपती म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी खोली गरजली. मी दचकले आणि ठिपका पहिल्याच खड्ड्यात पडला. एक लाइफ गेली!

"आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाशी इली हत, त्यांका पावन कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणखी एक गेली!

"काका, जरा हळू!" मी ओरडले.

"गाऱ्हाणा हळू घातला तर देवाक ऐकाक कसा येतला?" तुकाकाका म्हणाले आणि त्यांनी आवाज आणखी वाढवला. "ह्या शैला चेडवान जी लढाई मांडल्यान हा, तिका यश दी रे म्हाराजा!"

एवढ्यात दीपक गर्दीतून सरकत माझ्या कानाशी आला. "शैले, मर ना एकदाची! हर! बाबा नोकरीला लागतील."

दुसऱ्या कानाशी बाबा. "जग गो बाय. जग."

एका बाजूला भाऊ मर म्हणतोय, दुसऱ्या बाजूला बाप जग म्हणतोय, आणि समोर खुद्द गणपती बघतोय! मला दीपकचं पटत होतं, अगदी पूर्ण पटत होतं. पण बाबांच्या श्वासाला चहाचा वास येत होता, गॅलरीत उभे राहून पितात त्या चहाचा, आणि माझे अंगठे आपोआप चालायला लागले.

सूतखातं गेलं. साचेखातं गेलं. तिथे बाबा पुटपुटले, "माझो साचो तो, तिसऱ्या रांगेतलो." रंगखातं गेलं. मॅनेजर आला. माझ्याकडे शेवटची लाइफ. तुकाकाकांचं गाऱ्हाणं शेवटावर आलं होतं.

"बंद पडलेला गेट उघड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी मी दचकले आणि अंगठा चुकून भलत्याच बटणावर पडला. ठिपक्याने कधी नव्हे ती उडी मारली, मॅनेजरच्या डोक्यावर पाना बसला आणि मॅनेजर फुटला! तुकडे तुकडे!

सगळे भोंग्यासाठी कान टवकारून. बाबांनी खिशातला कापूस काढून चिमणीजवळ धरला.

टीव्ही काळा झाला. टिंग, टिंग, टुंग. एवढंच वाजलं. आणि निळा ठिपका पुन्हा गेटबाहेर उभा. पहिली स्टेज. गेट बंद. फरक एवढाच की खोके आता दुप्पट वेगाने पळत होते.

"आता?" बाबांनी विचारलं.

"आता... परत पहिल्यापासून."

"परत गेटाभायर?"

"हो."

"जिकून पण?"

मी रिमोट खाली ठेवला. डोळे भरून आले. ठिपका आपला उभाच होता, एक खोका आला आणि त्याला तुडवून गेला.

"दीपक," तुकाकाका नारळ सावरत गंभीरपणे म्हणाले, "पिक्चर काढणारो आणि ह्यो खेळ काढणारो, एकच काय रे?"

"नाही काका. वेगळी कंपनी."

"तरीच! बोलणी एकान केल्यान आणि सही दुसऱ्यान. आमचा पण असाच झाला."

त्यावर जी चर्चा पेटली! एक पाळी म्हणे, मॅनेजर फुटला म्हणजे उजवा कौल. दुसरी पाळी म्हणे, भोंगा नाही म्हणजे डावा. तिसरा गट म्हणे, पाकळी मध्येच अडकली, पोरीला पुन्हा बसवा! मोदक थंड झाले, आरती खोळंबली. शेवटी बाबांनीच टीव्ही बंद केला. हातातल्या कापसाची त्यांनी वळून वात केली आणि निरांजनात घातली.

"आरती करूया," म्हणाले. "समाजला माका."

विसर्जन झालं आणि बाबा शीवला हजर झाले. पहिल्या दिवशी संध्याकाळी निळ्या गणवेशात घरी आले, आईने दिलेला चहा घेऊन गॅलरीत गेले, पण चिमणीकडे पाठ करून उभे राहिले. शेजाऱ्यांनी विचारलं, "काय, नोकरी धरलात?" तर म्हणाले, "नाय हो. संपारच आसंय. मधल्या सुट्टीत थोडा गेट सांभाळतंय."

मग त्यांनी गळ्यातली वॉचमनची शिटी काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"घे. तुझ्याच्यान भोंगो काय वाजलो नाय. ही तरी वाजव."

दीपक बघत होता, आई बघत होती. मी शिटी ओठांना लावली आणि सवयीने, कॅसेटला मारतात तशी, हळूच फुंकर मारली.

नुसती हवा आली.