व्हर्लिनच्या करंगळीसाठी लांब मॅगझिन

अमेरिकेतल्या आर्कन्सा राज्यात एका लाकडाच्या गिरणीत व्हर्लिन चौकीदार होता. शर्टाखाली कमरेला तो छोटं पिस्तूल बाळगायचा. त्याच्या वाढदिवसाला काय द्यावं, हे विचारायला त्याची बायको ओलेटा बंदुकांच्या दुकानात गेली.

"मावशी, कंपनीची मॅगझिन, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत बसते ती गोळ्यांची पेटी, आखूड असते," दुकानदार म्हणाला. "मूठ पुरत नाही, करंगळी खाली लोंबकळते. ही लांब न्या. दोन गोळ्या जास्त बसतील आणि करंगळीलाही आधार मिळेल."

ओलेटाला गोळ्यांपेक्षा करंगळीचीच काळजी वाटली.

संध्याकाळी तळलेला मासा खाऊन झाल्यावर तिनं पुडकं पुढे केलं. व्हर्लिननं रिकाम्या पिस्तुलात ती मॅगझिन बसवली.

"आता करंगळी नीट राहते ना?" तिनं कौतुकानं विचारलं.

गालातल्या गालात हसत त्यानं उजवा हात तिच्यासमोर धरला. त्याला करंगळी नव्हतीच. लग्नाआधीच ती गिरणीच्या करवतीत गेली होती.

"अगं बाई! जन्मभर हाच हात धरून चर्चला जाते मी, आणि माझ्या ध्यानातच नाही!"

"आणि तू लग्नाला नाही म्हणशील म्हणून मी तेव्हा हा हात खिशातून काढत नव्हतो."

हसता हसता ओलेटाचे डोळे भरून आले. "उद्या परत करून येते."

"खबरदार हात लावलास तर!"

लांब मॅगझिनमुळे त्याचा शर्ट फुगायला लागला. गिरणीतली माणसं चिडवायची, "व्हर्लिन, लपवतोयस की मिरवतोयस?"

"मिरवतोय," तो म्हणायचा. "बायकोनं दिलीय."