माझ्या नावाचा रोट

गाव सोडलं त्या दिवशी माझी पेटी फाट्यापर्यंत नानानं उचलली होती. नाना माझा थोरला भाऊ. एरवी कधी माझी पाण्याची कळशीसुद्धा न उचलणारा हा माणूस त्या दिवशी डोक्यावर पेटी घेऊन माझ्यापुढं दहा पावलं चालत होता. मला वाटलं, याला माझ्या जाण्याची घाई झालीय. जमिनीत मन रमवणारा तो, आणि मी कायम सावलीत पुस्तक घेऊन बसणारा. एक अडगळ घराबाहेर निघाली, असं त्याला वाटलं असणार. साक्रीची एसटी आली तेव्हा आई खिडकीशी येऊन म्हणाली, "पोटभर खाजो रे भाऊ, लाजू नको." मी मान हलवली, पण लक्ष नानाकडं होतं. तो हसतो का, ते मी पाहत होतो. तो हसला नाही, तेही मला खटकलंच.

सांगायचं एवढंच की मी लहानपणापासून संशयी. गावात राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना ते ठाऊक आहे आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांनाही. पण या संशयानं काय केलं ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून लिहितोय.

धुळ्याला एसटी बदलून मी जळगावला आलो. पाइपांच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये नोकरी, पिंप्राळ्यात भाड्याची खोली. खान्देशातून खान्देशातच आलो होतो, म्हणून कुणी मला परगावी गेलेला समजत नव्हतं. पण आमच्याकडं बाजरी आणि नागली खाणारा माणूस इथं कळण्याच्या भाकरीला, म्हणजे ज्वारीत उडीद घालून केलेल्या भाकरीला, चार महिने बिचकत होता. पुढं पहूरची सुनंदा माझ्या घरात आली. तिच्या हातचं भरीत खाऊन मी बाजरीला विसरलो. तिनं मिरची मुद्दाम जास्त घातली असावी, असा संशय पहिल्या दिवशी आला होता तेवढाच.

पस्तिशीच्या आसपास पाठ धरू लागली. सकाळी उठताना कमरेत कुणी लाकूड ठोकलंय असं वाटायचं, आणि तासाभरानं आपोआप सुटायचं. मी आधी गादीवर संशय घेतला आणि ती बदलली. मग स्कूटरवर, मग टाकीच्या पाण्यावर. शेवटी टाच जमिनीला टेकेना तेव्हा दवाखान्यात गेलो. रक्त, एक्स-रे, एमआरआय झालं. डॉक्टरीणबाईंनी एक लांबलचक नाव सांगितलं, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. मणक्यांना आणि सांध्यांना आतून सूज येणारा, जन्मभर सांभाळायचा आजार. गोळ्या दिल्या, व्यायाम दाखवला, वजन कमी करायला सांगितलं.

"आणि खाण्यापिण्याचं काय?" मी विचारलं.

"तळलेलं, गोड, पाकिटातलं कमी करा. भाज्या, डाळी वाढवा. बाकी कशानं त्रास होतो ते तुमचं तुम्ही लिहून ठेवा. पण खाण्यानं हा आजार बरा होत नाही, गोळी सोडू नका."

एवढी मोठी बाई आणि एवढंसं सांगते, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, असं मला वाटलं. मोबाइलवर मात्र जो तो छातीठोकपणे सांगत होता, गहू सोडा, दूध सोडा, वांगी-टोमॅटो-मिरची सोडा. वांगी सोडा म्हटल्यावर सुनंदा मोबाइलकडं अशी बघायला लागली की जणू तो तिच्या माहेरावर उठलाय. आम्ही वहीच घातली. एकेक पदार्थ तीन आठवडे बंद, मग सुरू, आणि रोज सकाळी अंग किती वेळ आखडलं त्याची नोंद. वांगं निर्दोष सुटलं. मिरचीही सुटली. शेवभाजी आणि बेकरीचा माल अडकला. गव्हाचं मात्र नीट कळेना. पोट हलकं झालं, सकाळ सोपी झाली, एवढं खरं.

"गोळी सुरू केली त्याच महिन्यात गहू सोडला," सुनंदा म्हणाली. "आता गुण कुणाचा, हे गहूही सांगणार नाही अन् गोळीही."

मग मी गोळीवर संशय घेतला. डॉक्टरीणबाईंना न विचारता ती बंद केली आणि नुसत्या खाण्यावर राहिलो. तिसऱ्या आठवड्यात सुनंदाला माझ्या पायात मोजे घालावे लागले. त्यानंतर गोळी कधी चुकवली नाही. गव्हाकडं मात्र वळलो नाही. दुधानं तोंड पोळलेला माणूस मी, ताकही फुंकूनच पिणार.

गावी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. नानाला तर ताकास तूर लागू दिली नव्हती. कंबर गेलेल्या धाकट्याला शेत कशाला हवं, असं त्याच्या मनात येईल, ही माझी भीती. ती माझ्याच मनातली होती, त्याच्या तोंडून असं अक्षर कधी निघालं नव्हतं.

आणि श्रावणात कानबाई आली. खान्देशाबाहेर गेलेल्यांच्या पोरांसाठी सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडं कानबाई ही देवी बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घेतात, नोकरीला लांब असलेल्याच्याही नावानं. त्या गव्हाचे रोट होतात, बरोबर पुरण, खीर. ते फक्त भाऊबंदांनी खायचे आणि संपवायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे तर नाहीतच. भाऊ वेगळे झाले की रोटही वेगळे होतात. म्हणून आमच्याकडं एखाद्यानं रोट नाकारला तर तो आजारी असेल असं कुणाच्या डोक्यात येत नाही. याला वाटणी हवी, असंच येतं.

हे मला ठाऊक होतं, तरी पहिल्या वर्षी मी ताटावरून हात मागं घेतला. "नको म्हनस? काबर?" नानानं विचारलं. मी म्हणालो, पोट बिघडलंय. पंगतीतल्या दोघातिघांनी एकमेकांकडं पाहिलं. आईनं माझं ताट उचललं, "राहू दे, मी दखस," म्हणाली आणि आत गेली. गव्हाचं मला सोसत नाही, एवढं तिला मी मागल्या दारी हळूच सांगितलं होतं. दुसऱ्या वर्षीही तेच झालं आणि तिसऱ्याही. माझा वाटा कुठं जातो ते मी विचारलं नाही. नाना तो बैलांपुढं टाकत असणार, असं मी धरून चाललो होतो. माझं नावच बैलांना घातलं म्हणून दोन वर्षं मनातल्या मनात त्याच्याशी भांडतही होतो.

तिसऱ्या वर्षी कानबाई बोळवून मी जळगावला परतलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नानाचा फोन आला. "माय दवाखानामा शे. तू निंघ." एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला. तुम्हाला सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिल्यांदा आई आली नाही, विहिरीचा कागद आला. त्यावर माझी सही हवी असं नाना महिनाभर म्हणत होता. खात्री करायला मी वहिनीला फोन लावू लागलो, तेव्हा सुनंदानं हातातून मोबाइल घेतला. "आधी निघा," ती म्हणाली. "संशय गाडीत घ्या."

साक्रीच्या दवाखान्यात आई खाटेवर होती, हाताला सलाइन. तिला कित्येक वर्षांची शुगर. घरात तिच्यासाठी वेगळी बाजरीची भाकरी होते, गोडाला ती हात लावत नाही. आणि आता साखर भलतीच वाढली होती. डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं तर ती बोलायला तयार नव्हती. शेवटी वहिनीनं सांगितलं. वहिनीनं तिला चुलीमागं बसून माझ्या ताटातले रोट खाताना पाहिलं होतं. पुरण, खीर, सगळं. एका बैठकीत जाईना म्हणून दोन दिवस थोडं थोडं. तिन्ही वर्षं.

"आई, कशाला खाल्लंस?" मी म्हणालो.

"ताटमा वाटा राही गया ते लोके म्हनतीन, धाकला वायला निंघना," ती म्हणाली. "माले काय व्हस? म्हतारी शे मी."

नाना इतका वेळ भिंतीशी उभा होता. तो मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेला. "खरं सांग. तुले वायलं व्हनं शे का?"

मी वेगळा निघणार, हा संशय तोही तीन वर्षं पोटात घेऊन बसला होता. आम्ही दोघं एकाच आईचे, हे त्या दिवशी मला पटलं. मी त्याला सगळं सांगितलं. कमरेतलं लाकूड, लांबलचक नाव, वही, मोजे, आणि शेताबद्दलची माझी भीती पण. बोलता बोलता मी रडायला लागलो. आईला मी या खाटेवर आणलंय, एवढंच मला दिसत होतं. नानानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, दुखेल म्हणून.

"तीन वरीस," तो म्हणाला. "अन माले सांगं नही तू?"

आई आठवड्यानं घरी आली. माझं पथ्य चालू आहे. गव्हानं खरंच काही होतं की नाही, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, बरं वाटतंय ना, मग चालू द्या, बाकीचं पोषण सांभाळा. त्यांच्यावरचा माझा संशय बराच कमी झालाय.

इतकी वर्षं मला वाटायचं, घर म्हणजे जिथलं अन्न अंगी लागतं ती जागा. आता गावातलं निम्मं अन्न मला चालत नाही आणि पिंप्राळ्यातल्या फ्लॅटमध्ये माझ्या जेवणाला कुणी का म्हणून विचारत नाही, तरी घर म्हटलं की मला ती पंगतच दिसते. मी तिथं जेवलो नाही, तर माझ्या वाटणीचं कोणीतरी जेवतं.

यंदाच्या कानबाईला आईनं चिमूटभर प्रसाद घेतला आणि बाजरीची भाकरी खाल्ली. माझ्यापुढंही भाकरीच होती. भाऊबंद जेवायला बसले, माझ्या नावाचे रोट वाढले गेले, तेव्हा नानानं ते ताट सगळ्यांदेखत आपल्याकडं ओढलं. "हाऊ दिलीपना वाटा शे. त्याले गहू चालत नही. मी खासू." स्वतःच्या वाट्यानंच त्याचं पोट भरलं होतं, घाम फुटला होता, तरी तो सावकाश खात राहिला. आणि मी, काय करणार, शेवटपर्यंत त्याच्या ताटावर नजर ठेवून होतो. ते त्याला कळलं असावं. शेवटचा घास गिळून त्यानं रिकामं ताट दोन्ही हातांनी उचललं आणि माझ्यासमोर तिरकं धरलं.

"दख," तो म्हणाला. "बठ्ठा खादा."