निसटलेलं कोपर

कोमट खोबरेल तेलाचा वास आला की मला बर्लिनमधली ती दुपार आठवते. सासूबाई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या आणि आम्ही दोघी घरामागच्या श्पीलप्लात्सवर, म्हणजे लहान मुलांच्या खेळाच्या मैदानावर, मुलांचा खेळ बघत बाकावर बसलो होतो. आमच्याच बिल्डिंगमधल्या एका जर्मन बाईने वाळूत हट्टाने बसून राहिलेल्या आपल्या तीन वर्षांच्या मुलीला एका हाताला धरून उचललं आणि मुलगी किंचाळली. तिचा हात तसाच लोंबकळत राहिला. “कोपर निसटलंय,” सासूबाई म्हणाल्या. गावाकडे त्यांनी अशी कितीतरी पोरांची कोपरं बसवली होती, कोमट खोबरेल तेल लावून, गोष्ट सांगता सांगता. “तिला विचार, मी बसवते. क्षणाचं काम आहे.” तेवढं जर्मन मला येत होतं. पण काही बिघडलं तर पोलीस, व्हिसा, सगळं डोळ्यांसमोर आलं आणि मी त्या बाईला एवढंच विचारलं, “ॲम्ब्युलन्स बोलावू का?” ती जर्मनमध्ये हो म्हणाली आणि मी फोन लावला. “नको म्हणाली का गं?” सासूबाईंनी विचारलं. “हो आई,” मी म्हणाले. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत अर्धा तास ती पोर रडत होती आणि सासूबाई आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ती बाई जिन्यात भेटली. डॉक्टरांनी हात नुसता वळवला आणि झालं, म्हणाली. मी ते घरी सांगितलं. “बरं झालं बाई,” सासूबाई म्हणाल्या. त्या वारल्या, त्याला आता दोन वर्षं झाली. त्या बाईला मी विचारलंच नव्हतं, हे मी त्यांना कधीच सांगू शकले नाही.